सहा रंगांची शिवण

शिवणकाम करणाऱ्या बाईचा नवरा कधी ढगळ कपड्यांत दिसत नाही, असं मी पंचवीस वर्षं मोठ्या तोऱ्यात सांगत आले. आता सांगत नाही, कानाला खडा लावलाय. त्या तोऱ्यापायी माझ्या घरात काय होऊन बसलं असतं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. आणि लगेच हसू येतं, कारण तसं काही झालं नाही. आमचे हे आत्ता आत बसलेत आणि तिसरं अंडं सोलतायत.

आमच्या घराची बाहेरची खोली म्हणजे माझं दुकान. रस्त्याकडच्या खिडकीपाशी मशीन, मध्ये कापायचं टेबल, भिंतीला रिळांची फळी. आतल्या खोलीत संसार. हे बस चालवतात, बावीस वर्षं झाली. बसून बसून पोट इतकं सुटलं होतं की स्टिअरिंग हातांनी कमी आणि पोटानं जास्त फिरतंय, असं मीच चिडवायची. तीन वर्षांपूर्वी डेपोच्या तपासणीत वजन चौऱ्याऐंशी निघालं, साखर काठावर आलीय म्हणून सांगितलं, आणि हे घाबरून पळायला लागले. डेपोतला टाइमकीपर, म्हणजे कुठली बस किती वाजता आली नि गेली ते नोंदवणारा माणूस, सकाळी आठ-नऊ जणांना मैदानावर पळवायचा. अंगानं काटकुळा आणि हातात सदा स्टॉपवॉच. आपण बोलत असलो तरी हा मनात सेकंद मोजतोय असं वाटायचं.

पहिलं वर्ष छान गेलं, खोटं कशाला बोलू. दहा किलो उतरले, साखर खाली आली, हे जिना शीळ घालत चढायला लागले. कंपनीनं नव्या मापाच्या दोन करड्या पँटी दिल्या. तिथंच थांबले असते तर मला हे सगळं सांगायची वेळ आली नसती. पण अति तिथं माती हे आपण शाळेत पेपरात लिहितो आणि शाळेतच विसरून येतो.

टाइमकीपरच्या डोक्यात बेचाळीस किलोमीटरची शर्यत शिरली आणि तिथून ती ह्यांच्या डोक्यात आली. एक किलो उतरवलं की तीन मिनिटं वाचतात, असं तो सांगायचा. हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय ते त्याला कुणी विचारलं नाही. झालं, हे सकाळचे पळायचे ते ड्यूटी संपल्यावर संध्याकाळीही पळायला लागले, आणि रात्रीचं जेवण बंद झालं. नुसतं वाटीभर सूप. दुपारच्या डब्यातला भात अर्धा परत यायचा. मी बोलले की म्हणायचे, भूक मारता आली की माणूस जिंकतो. भूक काय डास आहे, मारायला? पण तेव्हा मी हसले. जास्त बोलले नाही.

बोलले नाही, कारण मलाही गंमत वाटत होती. गिऱ्हाईक बाया विचारायच्या, तुमचे मिस्टर किती तरुण दिसतात हो, काय खायला घालता? मी फुगायची. आणि पँट सैल झाली रे झाली की लगेच आत घ्यायची. पट्टा आवळून, कमरेला चुण्या पाडून फिरणारा माणूस मला बघवत नाही. माझाच नवरा तसा फिरला तर माझ्या दुकानाची शोभा काय राहील? रात्री पँट काढून टाकली की सकाळी मापात. ह्यांना सांगायलाही लागायचं नाही. मागची शिवण, कमरेपासून खाली उतरते ती, तेवढी आत घ्यायची, आणि मशीनवर जो दोरा लागलेला असेल त्याच दोऱ्यानं. शिकवणाऱ्या मास्तरांनी हे बघितलं असतं तर फूटपट्टी घातली असती हातावर. पण घरचा कपडा, आतली बाजू. म्हटलं, आतलं कोण बघतंय?

मास्तरांचा एक नियम मात्र मी कधी मोडला नाही. कपडा आत घेतला तरी जास्तीचं कापड कापायचं नाही. माणूस आज बारीक होतो, उद्या भरतो. कात्री मारली की परतीची वाट बंद. हा नियम मी आयुष्यात एकदाच मोडलाय, ते पुढं सांगते.

हळूहळू ह्यांचं सगळं बदलत गेलं आणि मी प्रत्येक गोष्टीला काहीतरी कारण शोधत गेले. भर उन्हाळ्यात हे स्वेटर घालून बसायचे; म्हटलं, वय झालं. हात बर्फासारखे गार. म्हटलं, पहाटेचं पळणं. महिन्याला एक सर्दी. रात्री दोन-दोनदा उठून बसायचे, झोपच नाही. ज्या माणसानं बावीस वर्षं उतारूंशी चेष्टामस्करी करत बस चालवली, तो माणूस चहाच्या कपाची कान असलेली बाजू उलटीकडे ठेवली म्हणून माझ्यावर खेकसला. मग स्वतःच ओशाळून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. आणि एक गोष्ट चारचौघांत सांगायची नसते, पण सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही: नवरा-बायको म्हणून जे काही असतं ते वर्षभर आमच्यात उरलंच नव्हतं. मी मनात म्हणायची, दमतात बिचारे. मैदानावर मात्र या मंडळींचं वेगळंच चाललेलं. ते एकमेकांच्या नाडीचे ठोके मोजायचे. कुणाचे पन्नास, कुणाचे अठ्ठेचाळीस. ह्यांचे बेचाळीस. जितके कमी तितकं हृदय दणकट, असा त्यांचा हिशेब. हे बेचाळीसचा आकडा घेऊन घरी आले ते पहिला नंबर आल्यासारखे.

आता तो दिवस. मी पिवळ्या दोऱ्यानं रस्त्यावरच्या कामगारांची जाकिटं शिवत होते. हे ड्यूटीवरून आले, स्टुलावर टेकले आणि लगेच कळवळून उठले. पँटच्या मागं हात लावून म्हणाले, "अगं, आत कापडाचा गोळा टोचतो. कापून टाक ना."

मशीनवरचा माझा पाय थांबला. कारण हे वाक्य मी आधी ऐकलं होतं, अगदी याच खोलीत.

माझे धाकटे दीर पाच वर्षांपूर्वी पोटाच्या कॅन्सरनं गेले. चाळिशीही पूर्ण नव्हती. शेवटचे आठ महिने आमच्याकडेच होते, आणि त्यांचे कपडे मीच आत घ्यायची. भावजींना ढगळ कपड्यांची चीड, आजारी दिसायचं नव्हतं त्यांना. आत घेत गेले, घेत गेले, आणि एक दिवस ते म्हणाले, "वहिनी, आत कापडाचा गोळा टोचतो. कापून टाक ना." हाडाला मांसच उरलं नाही की शिवणीच्या आतलं कापडही दगडासारखं लागतं. मी कात्री घेतली आणि इंच-इंच कापड कापून काढलं. आता हे परत लागणार नाही, हे मला कळलं होतं, त्यांनाही कळलं होतं. पुढं तीन आठवड्यांत ते गेले. मी मोडलेला नियम तो एवढाच.

तर त्या दिवशी हे पँट बदलून आत गेले आणि मी पँट उलटी करून टेबलावर टाकली. कात्री हातात घेतली होती, खरंच घेतली होती. मग कात्री खाली ठेवली आणि टेबलाला धरून उभी राहिले. दीड वर्ष मी काय करत होते? माणूस डोळ्यांदेखत झिजत होता आणि मी त्याला दर दोन-तीन महिन्यांनी नवं माप देऊन झाकत होते. जगानं बघू नये म्हणून नाही, मीच बघू नये म्हणून. भावजींच्या वेळचं काहीतरी मनात डोकावत होतं आणि मी त्याच्यावर शिवण घालत होते. हे मी कुणापाशी कबूल केलं नव्हतं. तिथं, त्या टेबलापाशी, स्वतःपाशी केलं. कापड काही कापलं नाही.

डॉक्टरकडे चला म्हटलं तर हे ऐकतील कशाला? पण दैव कधी कधी पायात पाय घालून मदत करतं. दोनच दिवसांनी ह्यांची डावी नडगी दुखायला लागली. क्लच दाबताना डोळ्यांत पाणी यायला लागलं, तेव्हा हे मुकाट्यानं तयार झाले. डॉक्टरीणबाई तरुण होती, खेळाडूंची हाडं बघणारी. मला काकू म्हणाली. ते मी त्या दिवशी माफ केलं. तिनं फोटो काढायला लावले आणि नडगीच्या हाडाला बारीक भेग गेलीय असं दाखवलं. न पडता, न आपटता. मग तिनं रक्त तपासलं, हाडांची घनता मोजायला लावली, नाडी धरून बराच वेळ घड्याळ बघत बसली, हृदयाचा आलेख काढला. रक्त कमी, हाडं विरळ, पुरुषांचं म्हणून जे हार्मोन असतं ते म्हाताऱ्यापेक्षा कमी. आणि वजन साठ.

तिनं विचारलं, दीड वर्षापूर्वीच्या डेपोच्या कार्डावर चौऱ्याहत्तर दिसतंय, हे चौदा किलो कधी आणि कसे गेले? आणि आमच्या ह्यांनी काय सांगावं? म्हणाले, डेपोचा काटा जुना आहे, त्याचा काय भरवसा. दीड वर्षात माझं वजन हललेलं नाही. कपडे तेच आहेत, बघा की, कमरेला कसे चापून बसलेत. जेवता ना नीट, विचारलं तर म्हणाले, भरपूर जेवतो. माणूस खोटं बोलत नव्हता हो. त्याला खरंच तसं वाटत होतं, कारण रोज सकाळी पँट बरोबर बसत होती. डॉक्टरीणबाईनं ती चापून बसलेली कंबर बघितली आणि मी जमिनीकडे बघितलं.

ती म्हणाली, जेवण भरपूर आणि वजन आहे तसंच असेल तर मग रक्त आणि हाडं अशी का, हे शोधावं लागेल. पोटात दुर्बीण घालून बघू, आणखी काही तपासण्या करू. घरात कुणाला काही आजार? ह्यांनी भावाचं सांगितलं. बाईनं पेन थांबवलं, मग लिहून घेतलं. जाताना तिनं मला काही सांगायचंय का असं नुसतं बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली. अशी वेळ आली की माझी एवढी मोठी जीभ कुठं जाते कोण जाणे.

घरी आल्यावर हे झोपले. दुपारची वेळ, रस्त्यावर शुकशुकाट. मी दोन्ही पँटी उलट्या करून टेबलावर पसरल्या आणि शेजारी माझी ऑर्डरींची वही ठेवली. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. डॉक्टरीणबाई जे शोधायला निघाली होती ते सगळं माझ्या टेबलावर लिहून ठेवलेलं होतं, दोऱ्यानं. सगळ्यात बाहेरची शिवण तांबडी: शाळेच्या बँडपथकाचे कोट शिवले तो महिना. तिच्या आत पांढरी: नर्सबाईंचे एप्रन. तिच्या आत निळी: हॉटेलचे पडदे. अशा एकूण सहा. कुठला दोरा मशीनवर कधी होता ते मला वहीशिवायही पाठ होतं, पण मी वहीत बघून एकेक तारीख काढली आणि खडूनं शिवणीशेजारी लिहिली.

दुसऱ्या दिवशी ह्यांना घेऊन परत गेले. वेळ ठरलेली नव्हती, तास-दीड तास बसावं लागलं. हे धुसफुसत होते. आत गेल्यावर मी पिशवीतून पँट काढून बाईच्या टेबलावर उलटी पसरली. नवऱ्याची पँट परक्या बाईच्या टेबलावर, आणि तीही मागची बाजू! हे लाजेनं लाल झाले. मी सांगितलं की कपडे तेच आहेत हे खरं नाही. ह्यांचं अंग जेवढं आटत होतं तेवढे कपडे मी आत घेत होते. जवळजवळ दर शिवणीला कंबर इंचभर कमी झालीय, सहा रंग आहेत आणि ह्या तारखा.

बाई खुर्चीवरून उठून उभी राहिली. एकेक शिवण बोटानं चाचपत गेली आणि ह्यांना विचारत गेली. तांबड्याच्या वेळी काय चाललं होतं? संध्याकाळचं पळणं सुरू केलं होतं. पांढऱ्याच्या वेळी? रात्रीचं जेवण सोडलं होतं. निळ्याच्या वेळी? शर्यतीची तयारी चालली होती, रविवारी तीस-तीस किलोमीटर पळायचे. हे आधी गुळमुळीत उत्तरं देत होते, मग आपोआप सरळ बोलायला लागले. दोऱ्यापुढं काय लपवणार?

चौथ्या शिवणीशी बाईचं बोट अडलं. ती हिरवी. निळ्याच्या आत असायला हवी, ती निळ्याच्या अलीकडे होती. निळी शिवण उसवलेली, तिची भोकं तेवढी दिसत होती, आणि त्यांच्या बाहेरून हिरवी. बाई म्हणाली, इथं काहीतरी चुकलंय का? मी जरा चिडलेच. म्हटलं, माझी शिवण चुकत नाही. तेव्हा ह्यांची पँट घट्ट झाली होती म्हणून मी सैल केली होती.

"घट्ट कशानं झाली?" तिनं विचारलं.

तेव्हा आठवलं. नव्या विजेच्या बसचं शिकायला कंपनीनं ह्यांना पाच आठवडे बाहेर पाठवलं होतं. वसतिगृहात राहायचं, तिथं तीन वेळा पोटभर वाढायचे, पळायला मैदान नव्हतं. हे गाल भरून परत आले होते. रात्री झोप लागते म्हणाले होते. मलाही वाटलं होतं, माझा नवरा परत आला. पण ह्यांना त्या वाढलेल्या इंचाची लाज वाटली आणि दुसऱ्या दिवसापासून दुप्पट पळायला लागले. त्याच्यापुढची काळी शिवण, वकिलांच्या गाउनची, आणि मग पिवळी.

बाई बसली. पहिल्यांदा हसली. म्हणाली, "काकू, आतला आजार पाच आठवड्यांची रजा घेत नाही. माणूस खायला लागला आणि पळायचा थांबला की भरत असेल, तर आपण बहुतेक भुकेकडेच बघतोय." मग लगेच बोट वर करून म्हणाली की दोऱ्यावरून निदान करायचं नसतं, दुर्बिणीची आणि बाकीच्या तपासण्या होणारच. त्यात तडजोड नाही.

मग तिनं ह्यांना समजावलं. बस चालवणाऱ्याला सगळे डिझेलचं उदाहरण देतात, तसं तिनं दिलं नाही, म्हणून मला ती आणखी आवडली. तिनं सरळ सांगितलं. रोज पळण्यात जेवढं खर्च होतं तेवढं पोटात जात नाही. मग शरीर बाकीच्या कामांत हात आखडता घेतं. हाडांची डागडुजी थांबते, रक्त कमी बनतं, अंगात ऊब राहत नाही, झोप जाते, संसारातली ओढ जाते, माणूस चिडका होतो. बेचाळीस ठोके हे चांगल्या पळणाऱ्याचेही असू शकतात, पण बाकी सगळं असं असताना ते शाबासकीचे नाहीत. हे फक्त पोरीसोरींना होतं असं लोकांना वाटतं, तिच्याकडे पुरुषही येतात, पण उशिरा येतात, कारण बारीक झालेल्या पुरुषाचं सगळे कौतुकच करतात. कौतुक म्हटल्यावर मी परत जमिनीकडे बघितलं.

पुढचे पाच दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. एक बिनबाह्यांचा ब्लाउज मी बाह्या लावून शिवला, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. सहाव्या दिवशी अहवाल आले. बाईनं एकेक कागद वाचला, बाजूला ठेवला, वाचला, बाजूला ठेवला. पोट स्वच्छ. आतडी स्वच्छ. बाकी सगळं स्वच्छ. तिनं चष्मा काढला आणि ह्यांच्याकडे बघून म्हणाली, "तुम्हाला जेवायला पाहिजे. बाकी काही झालेलं नाही."

माझ्या जिवात जीव आला. मी तिथंच, तिच्या त्या गुळगुळीत खुर्चीत बसून ढसाढसा रडले. हे गांगरले. त्यांना वाटलं मी काहीतरी वाईट ऐकलं. बाईनं पाण्याचा ग्लास पुढं केला, तो मी एका दमात प्यायले. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना इतकं हलकं वाटत होतं की बेचाळीस किलोमीटर मीच पळाले असते. आणि खालच्या पायरीवर आल्यावर मला असा काही राग आला की विचारू नका. चांगला धडधाकट माणूस, घरात भांडंभर भात, आणि हा उपाशी! अख्ख्या रस्त्याला मी ह्यांना झापलं. हे कुबडी टेकत शेजारून चालत होते आणि चक्क हसत होते. म्हणाले, झाप, तुझा हक्क आहे.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, त्या दिवशी मी कापून टाक म्हटलं होतं, मग तू कापलं का नाहीस? कापलं असतंस तर बाईला शिवणी कुठल्या दिसल्या असत्या? मी आधी टाळलं. मग सांगितलं, भावजींनी काय म्हटलं होतं ते, कुठं बसून म्हटलं होतं ते, आणि मी काय केलं होतं ते. ह्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. धाकट्या भावासाठी हा माणूस लोकांसमोर कधी रडला नव्हता, त्या दुपारी रडला. मीही रडले. मग डोळे पुसून त्यांनी ताट पुढं सरकवलं आणि म्हणाले, "वाढ."

पण एका दिवसात कुणी सुधारत नाही. भुकेची सवय गेली होती, चार घासांत पोट गच्च व्हायचं. पहिल्या महिन्यात तर हे ताटाकडे असे बघायचे, जणू मी त्यांना मारायलाच वाढलंय. आहार सांगणारी बाई होती, तिनं वेळा लावून दिल्या: सकाळी उठल्या उठल्या केळं, मग अंडी आणि पाव, दुपारी डबा, चार वाजता मूठभर दाणे, रात्री बटाटे-भात असं साग्रसंगीत. पळणं तीन महिने बंद. या तीन महिन्यांत ह्यांनी माझं डोकं खाल्लं, तेवढं अन्न खाल्लं असतं तर दोन महिन्यांत बरे झाले असते. पण चौथ्या महिन्यात स्वेटर कपाटात गेला. एका रात्री झोपेत ह्यांचा हात माझ्या हातावर पडला आणि तो गरम होता. मी जागीच राहिले थोडा वेळ, उगाच. बाकीचं सांगत नाही, तेवढी लाज शिल्लक आहे.

टाइमकीपर एकदा घरी आला, तोंड पाडून. मला त्याला चार शब्द सुनवायचे होते, तयारी करून ठेवली होती. पण त्यानं चहाचा कप दोन्ही हातांनी असा घट्ट धरला होता की मी बघतच राहिले. बोटं निळसर. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मी सुनवायचं सोडून विचारलं, तुमची पँट शेवटची कधी आत घेतली? तो म्हणाला, मागच्या महिन्यात, का हो? मी डॉक्टरीणबाईचा पत्ता कागदावर लिहून त्याच्या खिशात घातला आणि समोर पावाची थाळी ठेवली. दोन पाव खाईपर्यंत उठू दिलं नाही. स्टॉपवॉच मी तेवढ्यापुरतं काढून घेतलं होतं.

आता हे आठवड्यातून चार दिवस पळतात, बाईनं सांगितलं तेवढंच. शर्यत पुढच्या वर्षी बघू म्हणतात. बघू.

आणि पँटीचं म्हणाल, तर मी शिवणी उलट्या क्रमानं उसवत आले. पिवळी गेली, काळी गेली, हिरवी गेली, पांढरी गेली. उरली होती फक्त तांबडी. काल सकाळी मी मशीनवर बसले होते, तर आतून ह्यांची हाक आली की पँट कमरेत घट्ट होतेय. पंचवीस वर्षं गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकतेय, इतकी गोड तक्रार कुणी केली नव्हती. मी त्यांना तसंच उभं राहा म्हटलं, पँट मागवून घेतली आणि हे टॉवेल गुंडाळून उभे असताना ब्लेडनं तांबडी शिवण सर्रकन उसवली. कंपनीची मूळ शिवण तेवढी राहिली. इस्त्री फिरवली तरी भोकांच्या ओळी दिसत होत्या. म्हटलं, नवी शिवून देते, डेपोत हसतील तुम्हाला. हे म्हणाले, हसू देत, हीच राहू दे.

ह्यांनी पँट घातली, पट्टा लावला, स्टुलावर टेकून बूट चढवायला लागले. मी मुद्दाम विचारलं, आत काही टोचतंय का?

हे जागच्या जागी थोडे हलून बघत म्हणाले, "नाही. आता आत सगळा मीच आहे."

मग दोन खणी डबा घेतला आणि कामावर गेले.